१२.६ व्होल्टने मला तीन फेऱ्या फसवलं: मधेच बंद पडणाऱ्या बोटीबद्दल

बोटीच्या इंजिनच्या कामात नवीन असाल आणि पहिलीच कंप्लेंट "चालता चालता मधेच बंद पडते, मग थोड्या वेळाने आपोआप सुरू होते" अशी आली असेल, तर बिचारे तुम्ही. पूर्ण बंद पडलेली बोट परवडली हो, ती निदान खोटं तरी बोलत नाही. ही बया मात्र तुमच्यासमोर अगदी शहाण्या बाळासारखी चालते आणि मालक एकटा पाण्यात गेला की रंग दाखवते.

माझी पहिली अशी बोट म्हणजे सिंगल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन), ईएफआय म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारं, साधी फिरायची बोट. मी फ्युएल फिल्टर बदलला, प्लग बदलले, प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) बदलला, किल स्विच (दोरी सुटली की इंजिन बंद करणारा) पण बदलला. प्रत्येक वेळी "झालं काम" म्हणून परत दिली आणि प्रत्येक वेळी फोन आला. तिसऱ्या फोनला मालक चिडला नाही, नुसता "बरं" म्हणाला, ते जास्त लागलं.

मी काय विचारलंच नव्हतं ते सांगतो. बंद पडते म्हणजे कशी बंद पडते? आचके देत, दम लागल्यासारखी हळूहळू मरत असेल तर बहुतेक पेट्रोलचा घोळ. चावी फिरवल्यासारखी खटकन गेली तर करंटचा. आणि त्याच क्षणी प्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) पण बंद होऊन परत सुरू झाला का? झाला असेल तर प्लग-फिल्टरला हात लावू नका, इंजिन आणि प्लॉटर दोघांना मिळून जी वायर जाते तिथे बघा. मालकाला हे माहीत होतं, त्याचा प्लॉटर दर वेळी रीस्टार्ट व्हायचा, त्याला वाटायचं प्लॉटरच जुना झालाय. आणि मी विचारलंच नाही.

पेट्रोलच्या बाजूचं पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. टाकीचं झाकण सैल केल्यावर सुधारली तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा शिरायचं भोक, चोंदलाय. बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला, व्हेंट, पिकअप (टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी) किंवा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप गळू नये म्हणून बसवलेला). दम लागताना बल्ब दाबला आणि इंजिनने उचल खाल्ली तर पंप कमजोर किंवा कुठेतरी हवा ओढतंय. जुन्या पाइपचं आतलं अस्तर सुटून फुल थ्रॉटलला आतल्या आत पडद्यासारखं आडवं येतं, बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो. शंका आली की सरळ वेगळ्या छोट्या टाकीवर चालवून बघा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. आणि आरपीएम चढतोय पण बोट पळत नाही, तर बहुतेक इंजिनचा दोष नाही, प्रोपेलरचा रबर हब (मधला रबरी भाग) घसरतोय. आरपीएम स्वतःहून खाली येऊन तिथेच अडकला तर इंजिन गरम झालंय का, ऑइल कमी आहे का ते बघा, ते स्वतःला वाचवत असतं.

आता माझा खड्डा. मी बॅटरी मोजली होती हो! १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. इंजिनच्या बाजूच्या टोकाला मोजलं, तिथेही १२.६. मग वायर चांगली, असं मी ठरवून टाकलं. इथेच मेलो.

मीटर व्होल्टेज मोजताना करंट जवळजवळ घेतच नाही, आणि करंट नसेल तर व्होल्टेज पडणार कुठे? शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटरवर १२.६ च दिसणार. पण सेल्फ मारला आणि १५० ॲम्पियर ओढले की ०.०१ ओहमचा सांधा सुद्धा दीड व्होल्ट खातो. ओहमवर लावून मोजू म्हणाल तर तेही नाही, साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

बरोबर पद्धत आमच्या उस्तादांनी दाखवली. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, पोस्टच्या शिशावर. दुसरा इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या धातूवर. किल स्विचची दोरी काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल (काही इंजिनांचा सेल्फच फिरत नाही मग, त्यांचं मॅन्युअल बघा), आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की मी थांबून शोधायला लागतो. माझा आला १.६. मग प्रोब एकेक सांधा पुढे सरकवत गेलो, पोस्ट ते लग काही नाही, लग ते वायर, सगळा ड्रॉप तिथेच. लगवरची काळी हीट-श्रिंक (गरम करून घट्ट बसवलेली नळी) चाकूने चिरली तर आतून ओलसर हिरवी भुकटी पात्याला चिकटून आली, आणि जरा वाकवल्यावर पाच-सहा तारा तिथेच तुटल्या. बाहेरून? चकचकीत.

मग सगळं जुळलं. हळू चालताना चार्जिंग कमी, पंप नि लाईट चालू, म्हणजे करंट बॅटरीतून त्याच कुजक्या सांध्यातून येणार, वरून लाटेचा दणका बसला की वायर हलणार, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) व्होल्टेज पुरणार नाही, खटकन बंद. पॉझिटिव्ह बाजू पण अशीच तपासा, मी तेव्हा आळस केला नाही म्हणून सांगतो, तिथे मास्टर स्विचचा एक नट सैल निघाला.

उस्तादांबद्दल एक. ते मला दुसऱ्या फेरीलाच सांगू शकले असते, मुद्दाम गप्प बसले. तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा आहे. "चुकून शिकतो माणूस" वगैरे ठीक, पण मालकाची बोट ही शिकाऊ पोराची वही नाही. तरी हातातून पाना हिसकावून स्वतः करणाऱ्या गुरूपेक्षा हे बरे. आणि टर्मिनलवर स्प्रे मारून "आता होईल नीट" म्हणणाऱ्याकडे तर शिकूच नका. होतं नीट, आठवडाभर.

घाबरू नका पण, हे सगळं दोन-चार बोटींत हाताला बसतं. एका गोष्टीत मात्र माफी नाही, पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारायचा नाही. वाफ हवेपेक्षा जड, खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते. इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) असेल तर आधी ४ मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा), आणि तरीही नाकाने खात्री करा.

शेवटची ट्रायल पाण्यातच घ्या, इंजिनच्या पाणी ओढायच्या जाळीला पाण्याचा पाइप लावून किनाऱ्यावर इंजिनला लोडच येत नाही. सोबत एक माणूस, नांगर आणि वल्हं. मी दुसऱ्या फेरीला वल्हं न घेता गेलो होतो, इंजिन अर्थातच तेव्हाच बंद पडलं, आणि मी टूलबॉक्सच्या झाकणाने पाणी मारत परत आलो.