कोरोनाच्या काळात थेटरात जाताना (नोव्हेंबर २०२१)

महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ पासून थेटरं पुन्हा उघडली पण ५० टक्केच सीटा होत्या, त्यामुळे तिकीट ऑनलाइनच काढलेलं बरं, खिडकीवर गर्दीत उभं राहण्यात काय पॉइंट? एक सोडून एक सीट मिळायची, म्हणजे बायको शेजारी नसणार हे आधीच घरी सांगून ठेवावं लागायचं. कोरोना लसीच्या दोन्ही डोसचं सर्टिफिकेट डाउनलोड करून फोनमध्ये सेव्ह करावं लागायचं, नाहीतर आरोग्य सेतू (सरकारचं कोरोनाचं अ‍ॅप) हिरवं दिसायला हवं होतं, आणि हे गेटवर नेट शोधत बसण्याआधी करायचं कारण मागची लाइन जाम शिव्या घालायची.

आता मास्क, तोही तेव्हा लागायचा. चष्मेवाल्यांचे हाल व्हायचे बघा, श्वास वर जायचा, काचा धुरकट, अर्धा पिक्चर नुसता ऐकायचा. टिश्यूची घडी करून मास्कच्या वरच्या कडेखाली नाकावर ठेवायची आणि तार नीट दाबायची, मस्त चालायचं. पॉपकॉर्न तेव्हा आत न्यायचे नव्हते, म्हणून घरून खाऊन निघायचं (तसंही ते सोन्याच्या भावात असतात). एसी तेव्हा २४ डिग्रीच्या खाली जात नव्हता, स्वेटर लागायचा नाही. इंटरव्हलला वॉशरूमकडे सगळे एकदम धावायचे, म्हणून पाच मिनिटं आधीच उठायचं.