जुन्या वेलींची बर्गंडी रेड वाईन: चाखायची कशी, पारखायची कशी

तासगाव-मिरजेकडच्या बागायतदाराची नजर आधी रंगाकडे जाते, मग मण्याच्या आकाराकडे. बेदाण्याच्या सौद्यातही तेच. फ्रान्समधल्या बर्गंडी भागाच्या रेड वाईनला हीच नजर लावली तर हमखास फसगत होते. ती पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षाची असते. रंग मुळातच फिका, ग्लासाखाली कागद धरला तर त्यावरची अक्षरं वाचता यावीत इतका. गडद रंग हा इथे गुण धरायचा नाही.

जुन्या वेलीचं महत्त्व मात्र बागायतदाराला लगेच पटेल. वेल जुनी झाली की घड कमी लागतात, मणी बारीक राहतो, रसाच्या मानाने साल जास्त येते; आणि रंग, तुरटपणा, बराचसा सुगंध सालीतच असतो. मुळं खोल गेलेली असल्याने पावसाने ओढ दिली तरी वेल तग धरते. आपल्याकडे बहुतेक बागा डॉगरिज या रानटी द्राक्षजातीच्या खुंटावर कलम केलेल्या, आणि माल घटला की बाग काढायची. बर्गंडीत रोमाने-कोंती या मळ्यातल्या बिनकलमी वेली १९४५ च्या हंगामापर्यंत टिकवल्या होत्या. मुळांवरच्या फिलॉक्सेरा किडीने त्या खंगल्यावर काढल्या, १९४७ मध्ये नवी लागण केली आणि त्या नावाची पुढची वाईन आली ती थेट १९५२ सालची.

लेबलावर ‘विएय विन्य’ म्हणजे जुन्या वेली, असं छापलेलं असतं. फ्रान्सच्या कायद्यात त्यासाठी वयाची अट नाही. तीस वर्षांच्या बागेवरही ते छापता येतं, सत्तर वर्षांच्याही. म्हणून आधी उत्पादक बघा, मग मळा, मग हंगामाचं वर्ष आणि शेवटी हे दोन शब्द. क्लो द वूजो हा ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, मळा जेमतेम ५० हेक्टरांचा, पण मालक ऐंशीच्या आसपास. मळ्याचं नाव एकच असलं तरी बाटली-बाटलीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बाटली घेताना बुचाच्या तळापासून वाईनची पातळी मोजा. नव्या बाटलीत दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठीक, तीस वर्षांच्या बाटलीत चारही चालतं. नव्या बाटलीत चार दिसलं, बूच वर सरकलेलं असलं किंवा टोपणाखाली चिकट ओघळ असला तर बाटलीला उष्णता लागलीय. सांगलीच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेल्या बाटलीचं हेच होतं. वासाला शिजवलेल्या जॅमसारखी लागते, ती सुधारत नाही. साठवण १२ ते १४ अंशांना, आडवी.

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसतो. फ्रिजमधून काढल्यावर उन्हाळ्यात साधारण अर्ध्या-पाऊण तासाने चाखण्याजोगे १४ अंश होतात, पण थर्मामीटर लावूनच खात्री करा. १८ च्या वर गेली की अल्कोहोल नाकात झोंबतं आणि बाकीचं काही कळत नाही. खोलीत उदबत्ती नको, गजरा नको. तासभर आधी भडंग, चहा, तंबाखू बंद. दोन घोटांमध्ये तोंड साफ करायला बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा उत्तम.

पोट मोठं आणि तोंड निमुळतं असा ग्लास घ्या, ६० मिली ओता. पहिला वास ग्लास न फिरवता, कारण दोष तेव्हाच पकडता येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. हवेने तो वाढतच जातो, बाटली परत करा. विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाई करू नका. हवा कमी मिळाल्याने तो येतो, ग्लास फिरवून वीस मिनिटं थांबलं की बहुतेक वेळा उडून जातो. नवशिके हे दोन वास एकाच मापाने मोजतात आणि चांगली बाटली मोरीत ओततात. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास मात्र जात नाही.

मग ग्लास फिरवा. नव्या वाईनला चेरी, तुती. पंधरा-वीस वर्षांच्या वाईनला वाळलेला गुलाब, ओला पालापाचोळा, अळंबी.

खरी पारख तोंडात. चमचा-दीड चमचा घोट घ्या, ओठांतून थोडी हवा ओढा, आठ-दहा सेकंद जिभेवर फिरवून थुंका. कोवळ्या वेलीची वाईन सुरुवातीला छान लागते, मग जिभेच्या मध्यावर पोकळ होते आणि शेवटी नुसता आंबटपणा उरतो. जुन्या वेलीच्या चांगल्या वाईनचा मध्य भरलेला असतो, जोर न दाखवता. तुरटपणा हिरड्यांना ओरबाडत नाही, बारीक दळल्यासारखा पसरतो. थुंकल्यावर सेकंद मोजा. नुसता तुरटपणा मोजू नका, फळाचा स्वाद किती टिकतो ते मोजा. वीसच्या पुढे गेला तर वाईन दमदार.

शक्य असेल तर एकाच उत्पादकाची, एकाच गावची, एकाच सालची साधी आणि ‘विएय विन्य’ अशा दोन बाटल्या आणून लेबलं झाकून शेजारी-शेजारी चाखा. वेलीच्या वयाने काय फरक पडतो ते याहून स्पष्ट दुसरीकडे कळत नाही. दर वीस मिनिटांनी पुन्हा घोट घ्या, प्रत्येक वेळी टिपून ठेवा.

नव्या बाटलीतली उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती आणखी खुललेली असेल, तर अजून बरीच वर्षं ठेवण्याजोगी आहे. पंचवीस-तीस वर्षांची बाटली मात्र उघडल्या दिवशीच संपवा, रात्रीत ती उतरते.