डाउनटाउनमध्ये घर भाड्याने घेण्याआधी

दुबईत नोकरी लागली की बहुतेकांना एकच ओढ असते, घराच्या खिडकीतून बुर्ज खलिफा दिसावा. आम्हालाही होती. डाउनटाउनमध्ये, म्हणजे बुर्ज खलिफाभोवतीच्या भागात, आम्ही दोन वर्षं काढली.

सुख खरंच होतं. रात्री अकराला मी एकटी फेरी मारून यायचे, मनात कधी धाकधूक झाली नाही. ऑफिस डीआयएफसीत, म्हणजे बँका आणि वित्त कंपन्यांच्या भागात, मेट्रोचं एकच स्टेशन. सासरे आले तेव्हा रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन कारंज्यापाशी जाऊन बसायचे, ठरलेल्या जागी. तेवढ्यासाठी तरी ते घर सार्थकी लागलं असं मला आजही वाटतं.

पण खर्चाचं नीट समजून घ्या. एजंटला पहिला प्रश्न विचारायचा, चिलर कोण भरणार? बऱ्याच टॉवरमध्ये एसीसाठी थंड पाणी बाहेरच्या प्लांटमधून येतं. त्याचं बिल ‘देवा’च्या (DEWA, दुबईचं वीज-पाणी खातं) बिलापेक्षा वेगळं असतं आणि त्यातला काही आकार ठरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीला होतो, घराला कुलूप, तरी बिल आलंच. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी ‘देवा’च्या बिलातून दरमहा वसूल होते. भाडं जास्त, तर तीही जास्त.

३१ डिसेंबरला दुपारनंतर एकेक रस्ता बंद होत जातो, संध्याकाळी मेट्रो स्टेशनही. एका वर्षी नेमका त्याच रात्री मुलीला ताप चढला. टॅक्सी आत येईना. तिला शालीत गुंडाळून, गर्दीतून वाट काढत आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे आधी डोळ्यांसमोर आणा.

शेजार असा जुळत नाही. कित्येक फ्लॅट पर्यटकांना दिवसांवर दिलेले, लिफ्टमध्ये दर आठवड्याला नवे चेहरे, नव्या बॅगा. पोहे, भाजणी, हळदीकुंकवाला चार बायका, सगळ्यासाठी आम्ही करामाच गाठायचो, भारतीयांची भरपूर वस्ती असलेला भाग. मेट्रोने जेमतेम पाच स्टेशनं, मग तिथेच का राहू नये?

कंपनी पहिल्या महिन्याचं घर देत असेल तर डाउनटाउनमध्ये जरूर राहा, हौस भागवून घ्या. एकटे असाल, ऑफिस जवळ असेल तर पुढेही राहा. कुटुंब असेल तर त्या महिन्यात करामा, त्याच्या शेजारचं मनखूल बघून या. वर्षाचा करार करून इजारी, म्हणजे त्याची सरकारी नोंदणी, झाली की मध्येच घर सोडताना सहसा दोन महिन्यांचं भाडं जातं. म्हणून सही करण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी सातला टॅक्सीने त्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन बघा, किती वेळ लागतो ते.