‘मी’ म्हणणारा लेखक नसतो: कथा-कादंबरीचं विश्लेषण शिकणाऱ्यांसाठी

मराठी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांना कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष, आशयसूत्र हे शब्द ठाऊक असतात. त्यांच्या व्याख्या इथे देत नाही. ‘राजा मेला, मग राणी मेली’ ही गोष्ट आणि ‘राजा मेला, त्या दुःखाने राणी मेली’ हे कथानक, हा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये सांगितलेला फरक लक्षात असला तरी सुरुवातीला पुरतं. खरा गुंता निवेदकापाशी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यापाशी होतो. तो सुटायला मला फार वेळ लागला, म्हणून तेवढंच सविस्तर सांगते.

‘कोसला’वरच्या उत्तरात ‘नेमाडे म्हणतात’ असं लिहिलंत की विश्लेषण तिथेच थांबतं. म्हणतो तो पांडुरंग सांगवीकर. नेमाड्यांनी घडवलेला, २५ वर्षांचा, मागे वळून सांगणारा. त्यातही त्या ‘मी’मध्ये दोघं आहेत: पुण्याच्या वसतिगृहात ते दिवस जगणारा पांडुरंग आणि आज ते सांगणारा पांडुरंग. एखाद्या वाक्यातला उपहास त्या वेळचा की आत्ताचा, हे विचारलं की अख्खा परिच्छेद वेगळा दिसू लागतो. ‘रणांगण’चंही तसंच. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी, युरोपातून परतणारी बोट, आणि ‘मी’ आहे चक्रधर. प्रेमभंगानंतरचा त्याचा स्त्रियांबद्दलचा कडवटपणा बेडेकरांचा म्हणून मांडलात, तर बोटीवर भेटलेल्या हॅर्टा या ज्यू तरुणीच्या सहवासात तो कडवटपणा कसा हलतो हे निसटतं. आणि कादंबरीचा जीव तिथेच आहे.

हे अजूनही डोक्यात बसत नसेल तर ‘ययाति’ घ्या. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही ‘मी’ म्हणून बोलायला लावलं आहे. तिघांचं म्हणणं लेखकाचं धरलं तर खांडेकर स्वतःशीच भांडताहेत असं म्हणावं लागेल. प्रत्येकाच्या निवेदनात तो स्वतःला कुठे झुकतं माप देतो आणि काय बोलायचं टाळतो, हे शेजारी शेजारी लिहून काढा. या एका सरावाने मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याही व्याख्येने दिलं नाही.

‘तो’, ‘ती’ असं तृतीयपुरुषी निवेदन आलं म्हणजे सुटलो, असं मात्र समजू नका. हे बघा: ‘सुलभा पोळ्या लाटत होती. बाहेर सासूबाईंचा आवाज आला. आल्या असतील पुन्हा पैसे मागायला.’ पहिली दोन वाक्यं निवेदकाची. तिसरं? ते सुलभाच्या मनातलं आहे, पण ‘सुलभाला वाटलं’ असं कुठेच म्हटलेलं नाही. सासूबाई खरंच पैसे मागायला आल्यात का, ते आपल्याला अजून कळलेलंच नाही. सांगतंय कोण आणि दिसतंय कुणाच्या नजरेतून, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये हाच भेद ठामपणे मांडला. नुसतं ‘सर्वसाक्षी निवेदक’ (सगळ्यांच्या मनातलं जाणणारा) लिहून मोकळं होणं हा आळस आहे.

गाइडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मूळ कादंबरी वाचण्याआधी गाइड उघडू नका. त्यात ‘लेखकाचे विचार’ असा मथळा असतो आणि पात्रांची वाक्यं उचलून त्याखाली टाकलेली असतात. एकदा ती चौकट डोक्यात बसली की काढणं जड जातं. नोट्स उतरवून देणाऱ्या सरांपेक्षा ‘हे कुठल्या ओळीवरून म्हणतेस?’ असं दरवेळी विचारणारे सर शोधा. त्यांच्या तासाला अवघडल्यासारखं होतं, पण शिकायला तिथेच मिळतं.

वातावरणाबद्दल थोडक्यात. ‘माणदेशातलं ग्रामीण वातावरण’ एवढं लिहून भागत नाही. ‘बनगरवाडी’त पाऊस पडत नाही, म्हणून माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात, तिथे दुष्काळच कथानक पुढे नेतो. वातावरण काढून घेतलं तर घटना उरतात का, हे तपासा. प्रतीकांच्या मागे पहिल्या वाचनात लागूच नका.

पहिल्या काही महिन्यांत काहीच सुचत नाही, वर्गातल्या इतरांना सगळं दिसतं आणि आपल्यालाच दिसत नाही असं वाटतं. घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं. संज्ञाप्रवाह (मनातले विचार येतील तसे मांडणं), अविश्वसनीय निवेदक (ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा) या संज्ञा नंतर आल्या तरी चालतात. आधी एक लघुकथा घ्या, कादंबरी नको. पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाच्या समासात बोलणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्या नावाखाली ज्याच्या नजरेतून दिसतंय त्याचं. जिथे दोन नावं वेगळी येतील तिथे खूण करा, आणि उत्तर लिहायला त्या खुणेपासून सुरुवात करा.