कोलोमा डोंगरात आहे, डोंगरावर नाही: कॅम्पिंगला जाताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या मंडळींना सिएरा नेवाडाच्या डोंगरांत कॅम्पिंग म्हटलं की जाडजूड स्लीपिंग बॅगा, कानटोप्या आणि शेकोटीभोवतीच्या भेंड्या आठवतात. मग जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी तो सगळा लवाजमा गाडीत कोंबून कोलोमाला पोचायचं आणि दार उघडताच भट्टीची झळ तोंडावर घ्यायची. कोलोमाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम 750 फूट, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. साउथ फोर्क अमेरिकन नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या मधोमध, तळाशी बसलेलं हे गाव. इथे होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ ‘आपण डोंगरावर चाललोय’ या समजुतीत आहे. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत, तेव्हा अधिकारवाणीने लिहिते.

पार्कात मुक्काम शोधत बसणं

24 जानेवारी 1848 रोजी गिरणी बांधणाऱ्या जेम्स मार्शलला जॉन सटर या जमीनदाराच्या लाकूडगिरणीच्या चरात सोनं दिसलं, ती जागा आज मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्क म्हणून जपलेली आहे. या पार्कात तंबू ठोकता येत नाही. तो दिवसा फिरायचा पार्क आहे. लोक स्टेट पार्कांच्या आरक्षणाच्या साइटवर नाव टाकतात, काही मिळत नाही, आणि ‘फुल’ असेल असं समजून कोणाचं तरी रद्द व्हायची वाट बघत बसतात. मी दोन आठवडे बसले होते. कॅम्पग्राउंड आहेत ते पार्कच्या आजूबाजूला आणि पुढे लोटस या शेजारच्या गावात, नदीकाठी, खासगी. त्यांचं बुकिंग ज्याचं त्याच्याकडे करायचं.

बुक करताना एका साइटवर किती माणसं आणि किती गाड्या चालतात, ते आधी वाचा. आपल्याकडे ‘तीन फॅमिली आहोत’ असं ठरतं आणि निघेपर्यंत पाच होतात. सोय सगळ्यांची होईल, पण जास्तीच्या गाडीचे पैसे पडतात आणि तंबूंच्या दोऱ्या एकमेकांच्या पायात येतात.

तंबूची जागा सावली बघून ठरवणं

सावली बघाच, पण संध्याकाळी पाचची नको, सकाळी आठची बघा. पोचतो तेव्हा ऊन पश्चिमेचं असतं. त्या उन्हाची सावली शोधून तंबू लावला की सकाळी पूर्वेकडचं ऊन थेट आत येतं आणि आठ वाजता सगळे घामाघूम होऊन बाहेर. म्हणजे झाड तंबूच्या पूर्वेला हवं.

पण झाड कोणतं, तेही मान वर करून बघा. इथल्या ग्रे पाइनची शंकूफळं नारळासारखी जड असतात, वर आकडेवाली. ओकच्या मोठ्या फांद्याही उन्हाळ्यात, वारा नसताना, एकाएकी तुटून पडतात. वाळकी फांदी दिसली तर तंबू दहा पावलं सरकवा.

खुंट्या वाकतात ही नेहमीची तक्रार. वरवर माती दिसते, पण खाली नदीचे गोटे असतात. तंबूबरोबर येणाऱ्या नाजूक खुंट्या इथे कुचकामी. खिळ्यासारखे जाड पोलादी खुंट घ्या, किंवा सरळ मोठ्या दगडाला दोरी बांधा. ‘तंबू रात्री गळला’ ही दुसरी तक्रार. पाऊस नसताना गळला असेल तर तो गळलेला नाही. दिवसा 100 अंश फॅरनहाइटला टेकलेला पारा पहाटे 50-60 च्या घरात येतो, टेकड्यांवरची थंड हवा खाली खोऱ्यात साचते, आणि चार माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला आतून धरते. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या झिपा बंद करतो, तिथेच घोळ होतो. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा आणि अंगावर एक साधी चादर जास्त घ्या.

नदी शांत दिसते म्हणून तिच्यावर विसंबणं

पहिल्या खेपेला आम्ही संध्याकाळी पाण्याच्या कडेला गोट्यांवर खुर्च्या मांडल्या, श्रीखंडाचा डबा आणि दुधाचे कॅन जाळीच्या पिशवीत घालून उथळ पाण्यात बुडवले, गप्पा मारल्या आणि झोपलो. सकाळी उशिरा उठून पाहिलं तर जिथे खुर्च्या होत्या तिथे गुडघाभर पाणी. दोन खुर्च्या झुडपात अडकलेल्या, श्रीखंड गेलेलं. आकाश निरभ्र, पावसाचा थेंब नाही.

कारण साधं आहे. या नदीच्या वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्पांची धरणं आहेत. कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या ऐकत वाढलेल्यांना तरी हे सुचायला हवं होतं. चिली बारच्या धरणातून राफ्टिंगसाठी सकाळी पाणी सोडतात, ते इथवर यायला वेळ लागतो, आणि रात्रभर उतरलेली नदी दिवसा एकदम चढते. काठावरचे दगड नीट बघा. एका रेषेच्या खाली ते शेवाळलेले, काळपट असतात आणि वर कोरडे, फिकट. खुर्ची त्या रेषेच्या वर हवी. दुसऱ्या दिवशी पाणी कसं सोडणार आहेत, ते कॅम्पच्या ऑफिसात विचारलं तर सांगतात.

पाणी धरणाचं आणि वितळलेल्या बर्फाचं, म्हणजे भर उन्हाळ्यातही गार. बाहेर चाळीस सेल्सियस असताना धपकन उडी मारली की दम कोंडतो आणि चांगला पोहणारासुद्धा क्षणभर गडबडतो. कंबरेएवढं पाणी आहे, असं म्हणून वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे दाबून धरतो. वाहून जायला लागलात तर उताणं व्हा, पाय पुढे करा आणि तिरके काठाकडे सरका. स्वस्तातल्या हवेच्या ट्यूबवर मुलांना सोडून देणारे पालक दर वेळी दिसतात. लाइफ जॅकेट नाही, आणि लोटसच्या पुढे नदी अरुंद घळीत शिरते याचा पत्ताही नाही. त्या घळीत ‘सेटन्स सेसपूल’, म्हणजे ‘सैतानाचं गटारकुंड’, नावाचा रॅपिड (उसळत्या पाण्याचा टप्पा) आहे, नावावरून काय ते समजा.

पळसाला पाने तीन, पॉइझन ओकलाही तीनच

नदीकाठच्या झुडपात तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला की हात लावू नका. उन्हाळ्याच्या शेवटी तीच पानं छान लाल होतात आणि मुली केसात खोचायला जातात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. ज्यांनी लहानपणी बिब्बा उतलेला पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पानं गळल्यावर उरलेल्या नुसत्या काड्यांतही तेल असतं. स्पर्श झाल्याची शंका आली तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा. कपडे, बूट आणि कुत्र्याचा पट्टाही धुवा, कारण पुरळ बऱ्याचदा त्या पट्ट्यावरून येतं. आणि ही लाकडं चुकूनही जाळायची नाहीत, धूर फुप्फुसात जातो.

शेकोटी गृहीत धरणं

ऑगस्ट 2021 मध्ये याच एल डोराडो काउंटीत कॅल्डॉर वणवा लागला. सव्वादोन लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं, ग्रिझली फ्लॅट्स हे गाव जवळपास पुसलं गेलं. त्यामुळे उन्हाळ्यात शेकोटीबंदी आली तर हुज्जत घालू नका. सगळा स्वयंपाक निखाऱ्यावर करायचा बेत आखून येणाऱ्यांची मग उपासमार होते. गॅसची शेगडी आणि एक जादा सिलिंडर बरोबर असू द्या, पण तीही चालते ना ते विचारा. घरची लाकडं आणू नका, त्यांतून झाडं पोखरणारे किडे प्रवास करतात. लाकूड तिथेच विकत मिळतं.

फोनची रेंज खोऱ्यात येते-जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि बाहेर पडायचे दोन रस्ते माहीत करून घ्या: वळणावळणाचा हायवे 49 आणि दक्षिणेकडे जाणारा लोटस रोड.

खाण्याचं एवढंच, की रात्री काहीही बाहेर ठेवू नका. रकूनला कूलरचं झाकण उघडता येतं आणि चिवडाही आवडतो.

सोनं शोधायला फावडं नेणं

पार्कात सोनं धुवायला परवानगी आहे, पण नदीच्या पलीकडच्या काठावर, ठरवून दिलेल्या जागी, आणि फक्त हात आणि पॅन (सोनं धुवायची पसरट थाळी) वापरून. फावडं, मेटल डिटेक्टर असलं काही चालत नाही. पार्कात येऊन सरळ नदीकडे पळू नका. उन्हं चढायच्या आत गिरणीची प्रतिकृती, चिनी दुकानदारांच्या दगडी इमारती आणि इथल्या मूळच्या निसेनान लोकांची ओकची फळं कुटायची उखळं बघून घ्या. कोलोमा हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेलं. दुपारी बाराला हे सगळं बघणं म्हणजे शिक्षा.

पॅन फिरवताना नवखे लोक वाळूबरोबर सोनंही फेकून देतात, कारण आधी ते खाली बसू देत नाहीत. पॅन पाण्याखाली धरून जोरात हलवा. सोनं वाळूच्या सातपट जड, ते आपोआप तळाला जातं. मग पॅन तिरका करून वरची वाळू हळूहळू सोडा. शेवटी काळी वाळू उरली की घाई करू नका. चमकलं ते सोनं, असंही नाही. पॅन सावलीत धरा. अभ्रक फक्त एका कोनातून लकाकतो, सोनं सावलीतही पिवळंच राहतं. मार्शलने आपला दाणा दगडाने ठेचून पाहिला होता, आणि छावणीतल्या स्वयंपाकीण जेनी विमर यांनी तो साबणाच्या काढ्यात उकळून.

आमच्या फ्रिजवर इथली एक बोटभर काचेची बाटली आहे. पाण्यात तीन कण. त्यातला एक नक्की अभ्रकाचा आहे. लेकीला अजून सांगितलेलं नाही.