कथेतील साचे आणि पात्रे : आपली आवडनिवड कशी ओळखावी व नोंदवावी

वाचनालयाच्या टेबलापाशी उभे राहून "काहीतरी चांगले द्या" असे सांगणाऱ्या वाचकाच्या हातात बहुधा त्या दिवशी परत आलेल्या गठ्ठ्यातले वरचे पुस्तक पडते, आणि त्यात ग्रंथपालाचा काही दोष नसतो. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था असताना पुस्तकाची निवड अशी नशिबावर सोपवण्याचे कारण नाही. कथेतील कोणती वळणे आपल्याला भावतात, कोणती पात्रे नकोशी होतात आणि ती कशामुळे, हे चार वाक्यांत सांगता आले तर पुस्तक मागणे सोपे होते आणि नाटकाचे तिकीट काढावे की नाही हेही ठरवता येते. त्यासाठी एक साधी वही पुरते. पुढे दिलेली पद्धत कादंबरी, नाटक, चित्रपट आणि मालिका या सर्वांना लागू पडते.

वहीत 'आवडले' आणि 'आवडले नाही' असे दोन रकाने आखू नयेत. ते भराभर भरतात, पण महिन्याभराने वाचले तर त्यांतून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी जेथे मन पहिल्यांदा गुंतले किंवा पहिल्यांदा उडाले तेथील पृष्ठक्रमांक, आणि नाटक असेल तर अंक व प्रवेश, लिहून त्याखाली त्या क्षणी नेमके काय घडत होते ते एका वाक्यात नोंदवावे. 'नायक आवडला नाही' ही नोंद निरुपयोगी आहे. 'नायकाने बहिणीचे पत्र चोरून वाचले आणि लेखकाने ते गंमत म्हणून सांगितले, तेथे नायक मनातून उतरला' ही नोंद कामाची आहे. नोंद शक्यतो त्याच बैठकीत करावी, कारण शेवट वाचून झाल्यावर आधीच्या प्रतिक्रिया आपल्या नकळत बदलतात, आणि हुरहूर लावणारा शेवट मधल्या दीडशे कंटाळवाण्या पानांना माफी मिळवून देतो.

वारंवार भेटणाऱ्या वळणांना स्वतःच्या शब्दांत नावे द्यावीत. 'एका वाक्याने मिटला असता असा गैरसमज', 'शेवटच्या पानावर सुधारलेला खलनायक', 'भांडता भांडता जुळलेले प्रेम', 'मरण्यासाठीच आणलेला जिवलग मित्र' अशी नावे पुरेशी आहेत. साचा म्हणजे कमअस्सल लेखन, असा समज मनात असेल तर तो बाजूला ठेवावा. आपल्याकडील नाट्यविचारात धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार नायक आणि वासकसज्जेपासून अभिसारिकेपर्यंत आठ नायिका शतकानुशतके मानल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्यावर उत्तम नाटके उभी राहिली आहेत. त्या आठांतील कलहांतरिता, म्हणजे भांडून प्रियकराला घालवून मागाहून झुरणारी नायिका, आजही रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या वाहिनीवर दिसते.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक वाचक तो गाळतात. एखादा साचा आवडत नाही असे वहीत वारंवार येऊ लागले, की त्याच साच्याच्या दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात. सोशिक स्त्री हे पात्र घेऊ. राम गणेश गडकरी यांच्या, 1919 साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' या नाटकातील सिंधू दारूत बुडालेल्या पतीचे सर्व अत्याचार सोसते आणि मरतानाही त्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. आजच्या अनेक वाचकांना, विशेषतः वाचकिणींना, ती सहन होत नाही आणि त्या वहीत 'सोशिक नायिका नको' असे लिहून मोकळ्या होतात. परंतु त्याच वाचकिणी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी हाती आली, की यमूचे सोसणे मात्र शेवटपर्यंत वाचतात. सोसणे दोघींच्या वाट्याला आहे. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, घरातल्या माणसांना न्याहाळते, त्यांच्या बोलण्यातला डंख ओळखते. सिंधूचे दुःख मात्र आपण समोर बसून पाहतो आणि नाटक तिच्या सोसण्याला आदर्श म्हणून उंचावर बसवते. तेव्हा खरी नावड सोसण्याची नसून सोसण्याच्या गौरवाची आहे, असे लक्षात येते. वहीतली नोंद त्याप्रमाणे दुरुस्त करावी, कारण पहिली नोंद तशीच राहिली तर अनेक चांगली पुस्तके विनाकारण टाळली जातात. 'एकच प्याला'मध्येच सिंधूच्या पतीला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाची फटकळ बायको गीता आहे, आणि सिंधूवर चिडलेल्या वाचकाने तिचे प्रवेश मुद्दाम पुन्हा वाचावेत, अशी माझी शिफारस आहे.

पात्रांच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हा माणूस शेजारी राहायला आला तर चालेल का, हा एक. आणि तो पानावर किंवा रंगमंचावर नसला की आपण त्याची वाट पाहतो का, हा दुसरा. तळीरामाला कोणी घराचा उंबरठा ओलांडू देणार नाही, पण तो आत गेला की प्रवेश मंदावतो. याउलट, सद्गुणी, कर्तबगार, कधीच न चुकणारा नायक शेजारी म्हणून उत्तम असतो आणि त्याची प्रकरणे आपण चाळून पुढे जातो. दोन्ही उत्तरे स्वतंत्र लिहिली, की दुष्ट पात्र आवडल्याबद्दल वाटणारा निष्कारण संकोचही जातो.

कोण सांगतो यावर पात्राविषयीची ओढ किती अवलंबून असते, हे तपासायला कर्णाइतके सोयीचे पात्र नाही. शिवाजी सावंत यांच्या 1967 सालच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबरच कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात, आणि त्यातून अन्याय झालेल्या, दिलेला शब्द पाळणाऱ्या नायकाची भव्य मूर्ती तयार होते. एस. एल. भैरप्पा यांच्या 'पर्व' या कन्नड कादंबरीत महाभारत चमत्कारांवाचून, थकलेल्या, वय झालेल्या माणसांच्या आठवणींतून उलगडते. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ती मराठीत सहज वाचता येते. सोलापुरातल्या ज्या घरांत कानडी आणि मराठी दोन्ही चालतात, त्यांनी ती दोन्ही भाषांत वाचून पाहण्यासारखी आहे. दोन्ही कादंबऱ्या वाचून झाल्यावर कर्णाविषयी वेगवेगळी टिपणे करावीत. जो भाग दोन्ही टिपणांत टिकतो, तो आपल्याला कर्ण म्हणून आवडतो. जो फक्त 'मृत्युंजय'च्या टिपणात आहे, तो त्या कादंबरीच्या भारदस्त भाषेचा प्रभाव असण्याची शक्यता मोठी. तो प्रभाव आवडणेही अगदी रास्त आहे, फक्त तो कर्णाच्या खात्यावर मांडू नये.

काही नावड केवळ ओळखीतून येते, आणि तिच्यासाठी वहीत वेगळे पान असावे. 1877 साली सोलापुरात कापडाची पहिली मोठी गिरणी, म्हणजे जुनी गिरणी, उभी राहिली. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत, मागावर किंवा विड्या वळण्यात गेलेली घरे या शहरात गल्लोगल्ली आहेत. अशा घरातल्या वाचकाला कथेतला कामगार केवळ भोंगा ऐकणारा, खोकणारा आणि संपात हरणारा दिसला, की तो पुस्तक मिटतो. तेलुगू किंवा कानडी वळणाची मराठी फक्त नोकराच्या वा विदूषकाच्या तोंडी घातलेली दिसली, तरी सोलापूरकराचा कान टवकारतो. ही नावड साच्याविषयी असली तरी तिचे मूळ लेखकाच्या अपुऱ्या माहितीत असते. म्हणून येथे 'लेखकाने काय पाहिले नाही' हे एका ओळीत लिहावे; उदाहरणार्थ, माग चालवणाऱ्या बाईचा हिशेब पक्का असतो आणि तिला विनोदही कळतो. ज्या लेखनात ही उणीव नसेल, ते साचा तोच असूनही आवडेल.

खऱ्या माणसांच्या कथा वाचताना अधिक सावध राहावे. सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले, व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला. तरुण वयात मरणारा त्यागी नायक हा साचा ज्यांना कल्पित कथेत कृत्रिम वाटतो, त्यांनाही कोटणीसांची हकिकत हेलावते. येथे दोन ओळी स्वतंत्र ठेवाव्यात: एक त्या माणसाविषयीच्या आदराची, दुसरी चित्रपटातील मांडणीविषयीची. आदरापोटी मांडणीला जादा गुण देण्याची, किंवा मांडणी खटकली म्हणून माणसाला कमी लेखण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

वर्षातून दोनदा वही उलट्या क्रमाने वाचावी. तीन-चार ठिकाणी तेच कारण आढळले तर ती आपली खरी आवड किंवा नावड समजावी. एकदाच आलेले कारण त्या दिवसाच्या थकव्याचे किंवा तापाचेही असू शकते, म्हणून त्यावर काट मारावी. सलग पाच रहस्यकथा वाचल्यावर सहाव्या कथेतला गुप्तहेर आगाऊ वाटला तर तो कंटाळा आहे, मत नव्हे. अशा वेळी तो प्रकार काही महिने बाजूला ठेवून मग पुन्हा एक पुस्तक घ्यावे.

वाचनालयात जाताना वहीतून आवडीची दोन आणि नावडीचे एक कारण चिठ्ठीवर उतरवून न्यावे आणि ग्रंथपालांना वाचून दाखवावे: "स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारी नायिका हवी, चूक मान्य करणारा नायक चालेल, गैरसमजावर लांबवलेली कथा नको." इतक्या माहितीवर अनुभवी ग्रंथपाल दोन-तीन नावे सहज काढून देतात. मित्रमंडळींत मात्र ही यादी नियमांसारखी वापरू नये. एखाद्याला सिंधू मनापासून आवडत असेल तर त्याला कोणत्या प्रवेशात ती आवडली ते विचारावे, त्याने सांगितलेला प्रवेश पुन्हा वाचावा, आणि आपले मत बदलले नाही तरी त्याचे कारण आपल्या नोंदीशेजारी लिहून ठेवावे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही एक यादी असू द्यावी. तीत सोडलेल्या पानाचा क्रमांक लिहिला, म्हणजे पुन्हा कधी ते पुस्तक आणले तर नेमक्या कोणत्या वळणावर आपण थांबलो होतो हे पाहून तेथूनच पुढे जाता येते.