उन्हाळ्यात पीव्हीसी पाईप सांभाळा: लाईन, सांधे, नळ्या आणि विरघळणाऱ्या पुड्या

पीक निघून रान मोकळं झालं की पाईपलाईनकडे बघायला सवड मिळते, आणि नेमकं तेव्हाच ऊन तापायला लागतं. शेतातल्या पीव्हीसीला सगळ्यात जास्त छळणारे दिवस हेच. पाईप फुटला की "जुना झाला होता" म्हणून आपण मोकळे होतो. पण जमिनीत नीट गाडलेला चांगला पाईप पन्नास वर्षंही काढतो, आणि त्याच गाडीतून आलेला दुसरा बांधावर उघडा राहिला तर काही उन्हाळ्यांतच ठिसूळ होतो. वयाचा दोष फारच थोडा. ऊन आणि घाई हीच खरी कारणं. म्हणून या दिवसांत पहिलं काम हे, की जेवढा पाईप उन्हातून हलवता येईल तेवढा हलवा आणि जो हलवता येत नाही त्यावर सावली करा.

ऊन वेगळं, उष्णता वेगळी

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइड. त्याच्या वजनातला सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा, तोही मिठापासून मिळवलेला. क्लोरीनमुळे हे प्लॅस्टिक सहजी पेट घेत नाही आणि पातळ आम्लाने खराब होत नाही. ठिबकची आम्लप्रक्रिया (नळ्यांत साचलेले क्षार आम्लाने विरघळवणं) पीव्हीसीच्या सबमेनमधून, म्हणजे मुख्य लाईनीच्या फाट्यातून, करता येते ती त्यामुळेच. मात्र उन्हातले अतिनील किरण पाईपाच्या वरच्या थरातला हाच क्लोरीन सुटा करतात. पाईप आधी पिवळसर, मग तपकिरी दिसू लागतो आणि हात फिरवला तर बोटांना पांढुरकी भुकटी लागते.

ही खराबी कातडीपुरतीच असते. पाण्याचा दाब सोसायची ताकद फारशी जात नाही, जाते ती ठोका सोसायची. म्हणून असा पाईप मुकाट्याने पाणी देत राहतो आणि एक दिवस कुदळीचा दांडा पडला किंवा बैलाचा पाय लागला की उभा चिरतो. शंका असेल तर टोकाचा वीतभर तुकडा करवतीने कापून बघा. कड सरळ न कापता टवके उडायला लागले, तर तो पाईप पुन्हा दाबाच्या लाईनला जोडू नका.

उष्णतेचं तसं नाही. तिचा परिणाम तात्पुरता असतो, पण ऐन वेळी महागात पडतो. पाईपावर छापलेला ४ किलो, ६ किलो किंवा १० किलो (दर चौरस सेंटीमीटरला) हा दाब साधारण २० ते २७ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी धरलेला असतो. पाईप ३८ अंशांपर्यंत तापला की त्याची दाब सोसायची ताकद सुमारे ६२ टक्के उरते, ४३ अंशांना निम्मी, ४९ अंशांना ४० टक्क्यांच्या आसपास. ६० अंश ही तर साध्या पीव्हीसीच्या वापराची शेवटची हद्द. म्हणजे उन्हात तापलेला ६ किलोचा पाईप त्या घडीला अडीच किलोचाच समजा.

वाहतं पाणी पाईपाला थंड ठेवतं, त्यामुळे मोटार चालू असताना भीती कमी. धोका असतो तो दुपारी, व्हॉल्व्ह बंद, लाईनीत साचलेलं पाणी तापलेलं, आणि अशात वीज आली म्हणून आपोआप मोटार सुरू होते तेव्हा. ऑटो स्टार्टर लावला असेल तर उन्हाळ्यात लाईनीच्या टोकाचा एक तरी व्हॉल्व्ह उघडा ठेवत जा.

वर राहणारी लाईन

खडकाळ रान, ओढ्यावरचा टप्पा, मोटारीपासून बाहेर येणारा तुकडा, असं थोडंफार तरी वर राहणारच. त्याला फिकट रंगाचा, पाण्यात कालवायचा रंग द्या. तेलाचा रंग नको, त्यातल्या द्रावकाने पीव्हीसी बिघडू शकतं. रंग नसेल तर पोतं गुंडाळलं तरी चालतं. मुद्दा ऊन अडवण्याचा आहे.

रचून ठेवलेल्या पाईपांबाबत एक चूक सर्रास दिसते. वरून काळं प्लॅस्टिक गच्च आवळून टाकतात. ऊन अडतं खरं, पण आत भट्टी होते आणि खालचे पाईप वाकतात, चपटतात. शेडनेट किंवा फिकट ताडपत्री टाका आणि दोन्ही टोकांनी वारा खेळू द्या. खाली फळ्या समान अंतरावर ठेवा, थप्पी कमरेच्या वर नेऊ नका, आणि सॉकेटची तोंडं, म्हणजे पाईपाची फुगीर टोकं, एकाआड एक उलट्या बाजूला ठेवा, म्हणजे सगळा भार सॉकेटवर येत नाही.

नवी लाईन गाडताना

चर ६० ते ९० सेंटीमीटर खोल हवी. जिथून ट्रॅक्टर जाणार तिथे ९० च्या खाली तडजोड नको, आणि नांगराचा फाळ किती खोल जातो हे ज्याचं त्याला माहीत. तळाला मऊ माती किंवा वाळू पसरा. एक टोकदार दगड पाईपाला टेकला की वरच्या मातीचा सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. वर्ष-दोन वर्षांनी गळती निघते ती बहुधा तिथेच. जेसीबीने काढलेली दगडमाती तशीच परत लोटू नका, पाईपावर वीतभर तरी चाळलेली माती हाताने ओढा.

तापमानाप्रमाणे पीव्हीसी बरंच लांबतं आणि आखडतं. ३० अंशांच्या फरकाला ६ मीटरचा एक पाईप ११-१२ मिलिमीटर, तर १०० मीटरची लाईन सुमारे १८ ते २० सेंटीमीटर. दुपारी ताणून सरळ जोडलेली लाईन रात्री आखडते आणि ओले सांधे ओढले जातात. म्हणून चरीत पाईप किंचित नागमोडी सोडा आणि माती सकाळी, पाईप गार असताना लोटा. चाचणी होईपर्यंत सांधे उघडे ठेवा.

चाचणी पाण्यानेच करायची. कॉम्प्रेसरची हवा भरून पीव्हीसी कधीही तपासू नका आणि हवेच्या लाईनलाही हा पाईप वापरू नका. पाण्याने फुटलेला पाईप फार तर भिजवतो. दाबलेल्या हवेने फुटला तर त्याच्या धारदार ठिकऱ्या गोळीसारख्या उडतात.

किती किलोचा पाईप घ्यायचा, याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. पाणी उभं १० मीटर चढवायला १ किलो दाब लागतो. चढ मोजा, त्यात घर्षणाचा भार घाला, वर उन्हाची आणि झटक्याची सूट ठेवा. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहील असा व्यास घ्या. स्वस्त म्हणून बारीक व्यास घेतला तर वेग वाढतो आणि व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यावर पाण्याचा जो धक्का मागे फिरतो, तो लाईन फोडतो. व्हॉल्व्ह सावकाश फिरवा, रिकामी लाईन हळूहळू भरा, चढाच्या माथ्यावर साचलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवा. एअर व्हॉल्व्हचे पैसे वाचवणाऱ्यांना मला समजावता आलेलं नाही.

सोल्युशनचा सांधा

पाईप जोडायला लावतो ते सोल्युशन म्हणजे चिकटवायचा डिंक नाही. त्यातलं द्रावक पाईपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर तिथे एकच सलग पीव्हीसी उरतं. हे कळलं की बाकीचे नियम आपोआप पटतात.

पाईप काटकोनात कापा. कडेचे बूर कानसीने काढा आणि बाहेरची धार थोडी उतरती करा. ती तशीच राहिली तर आत जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलते आणि सांधा कोरडा राहतो. सोल्युशन न लावता एकदा घालून बघा आणि किती आत जातो तिथे पेन्सिलने खूण करा. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा. ओल, धूळ, तेलकट हात यांतलं काहीही असेल तर थर मिसळत नाहीत. मग सॉकेटच्या आत पातळ हात आणि पाईपावर खुणेपर्यंत भरपूर. लगेच आत दाबा, दाबतानाच पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. लगेच सोडलं तर पाईप मागे सरकतो; न धरलेले सांधे पुढे सुटतात ते या सरकण्यानेच. बाहेर आलेला जादा भाग पुसून घ्या. लाईनीला पूर्ण दाब द्यायच्या आधी एक दिवस जाऊ द्या.

उन्हाळ्यातली अडचण अशी की लावलेलं सोल्युशन पाईप घालायच्या आतच वरून सुकतं. हाताला साय धरल्यासारखं लागलं तर तो सांधा धरणारच नाही, पुन्हा लावा. हे काम सकाळी लवकर करा, पाईप आणि फिटिंग दोन्ही सावलीत ठेवा आणि प्रत्येक सांध्यानंतर डब्याचं झाकण लावा. डब्यातलं घट्ट, गुठळ्यांचं झालं असेल तर पातळ करून वापरू नका, टाकून द्या. सोल्युशनची वाफ पेट घेते, शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने चरीत किंवा विहिरीच्या काठाखाली साचते. तिथे बिडी-सिगारेट नको, आणि बंद खोलीत हे काम नको.

कपलर (दोन पाईप जोडणारा तुकडा) नाही म्हणून पाचटावर टोक भाजून तोंड फुलवणं अजूनही चालतं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होतं, पण जाळावर तापमान कुणाच्या हातात नसतं. एका बाजूला तपकिरी डाग पडतो, दुसऱ्या बाजूला भिंत ताणून पातळ होते, आणि नाकाला झोंबणारा जो वास येतो तो हायड्रोजन क्लोराइडचा. असं तोंड उताराने वाहणाऱ्या पाण्याला चालून जाईल. मोटारीच्या दाबाला कपलरच घ्या.

नळ्या, केबल, टनेलच्या कमानी

फ्लॅट पाईप, सक्शनची नळी, फवारणीची नळी, गमबूट, मोटारीच्या केबलचं आवरण हे सगळं बहुतेक पीव्हीसीच, पण मऊ केलेलं. मऊपणा येतो आत घातलेल्या तेलकट द्रव्यामुळे. ऊन आणि वेळेबरोबर ते बाहेर पडतं आणि नळी कडक होऊन वळणावर तडकते. काम झालं की नळी रिकामी करा, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, सावलीत टांगा. उन्हात पडलेल्या नळीतलं सुरुवातीचं गरम पाणी माणसांना किंवा जनावरांना प्यायला देऊ नका. दूध किंवा खाद्यतेल तर साध्या नळीतून नकोच, कारण ते तेलकट द्रव्य स्निग्ध पदार्थात लवकर उतरतं.

केबलचं आवरण कडक होऊन भेगाळलं असेल तर वरून टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, तेवढी केबल बदला.

इसी प्रकारच्या (पाण्यात दुधासारख्या मिसळणाऱ्या) कीटकनाशकांत द्रावक असतात आणि ते पीव्हीसी फुगवतात. पाण्यात मिसळल्यावर त्रास कमी, तरी द्रावण रात्रभर नळीत ठेवू नका, फवारणी संपली की स्वच्छ पाण्याने नळी धुवा. हे औषध मोजताना पीव्हीसीच्या हातमोज्यांपेक्षा जाड नायट्राइलचे बरे.

रोपांसाठी पीव्हीसी पाईपाच्या कमानी करून वर पॉलिथिन ताणलं असेल, तर एकदा नीट बघा. हा पॉलिथिनचा कागद बहुतेक वेळा कमानीला टेकतो त्याच रेषेवर आधी फाटतो. तापलेला पाईप आणि पीव्हीसीतून सुटणारे घटक मिळून पॉलिथिनचं आयुष्य कमी करतात. मधे पांढरा जलरंग किंवा कापडी पट्टी घाला; थोड्या कामात कागद बराच जास्त टिकतो.

पाण्यात विरघळणाऱ्या पुड्या

व्हायनिलच्याच घराण्यातलं पॉलिव्हायनिल अल्कोहोल पाण्यात विरघळतं. काही कीटकनाशकं, बुरशीनाशकं याच्या पुड्यांत येतात. पुडी न फोडता टाकीत टाकायची, म्हणजे भुकटी नाकातोंडात जात नाही. ओल्या हाताने धरू नका, बाहेरचं पाकीट गरजेपुरतंच उघडा.

याच टाकीत बोरॉनचं खत मात्र घालू नका. बोरॉनशी गाठ पडली की ही पुडी विरघळायची थांबते, तिचा बुळबुळीत चोथा होतो आणि गाळणी, नोझल सगळं तुंबतं. मोहोराच्या वेळी बोरॉन आणि बुरशीनाशक एकदम मारायची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. आधी बोरॉन मारलं असेल तर पुडी टाकण्यापूर्वी टाकी धुऊन घ्या. क्लोरीनयुक्त द्रव्यांनीही असंच होतं.

जुने तुकडे

भंगारात घालताना पीव्हीसी आणि ठिबकच्या नळ्या वेगळ्या करा. एकत्र वितळवल्या की दोन्ही वाया जातात. ओळखायला पाण्याची बादली पुरे. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. ठिबकच्या नळ्या (लॅटरल) पॉलिथिनच्या, त्या तरंगतात. बांधावर पेटवून तर अजिबात देऊ नका. पीव्हीसी जळताना आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. ठिसूळ झालेले पण सरळ तुकडे जमिनीखालच्या केबलला आवरण म्हणून घाला, किंवा उभे चिरून कोवळ्या रोपांच्या बुंध्याभोवती लावा. उंदीर-सशांपासून रोप वाचतं, आणि खोड जाड होऊ लागलं की ते काढता येतात.